सात बहिणींच्या दरीत

तुम्ही उभे आहात तिथे अजून तलाव नाही.

अठराव्या शतकाची ही पहिली काही वर्षे. वैशाख सरत आला आहे. मोहफुले वेचून झाली, टेंभरं पिकून गळायला लागली, आणि पायाखालची माती तापून भेगाळली आहे. वैनगंगेच्या पूर्वेला, साग-ऐन-बिजाच्या रानात ही दरी आहे. भोवती सात टेकड्या आहेत, लोक त्यांना सात बहिणी म्हणतात. भंडारा नावाचा जिल्हा अजून कुणी आखलेला नाही. हा सगळा मुलूख फक्त झाडी म्हणून ओळखला जातो. नाव ऐकून बाहेरचा माणूस आत शिरायला कचरतो. तुम्ही शिरला आहात, आणि पहिली जाणवते ती माणसांची रांग.

दोन टेकड्यांमधल्या खिंडीत ही रांग लागली आहे. बांबूच्या टोपल्या एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर जात आहेत. माती पडते, पसरली जाते, तिच्यावर पाणी शिंपडले जाते आणि बैलांच्या जोड्या तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवल्या जातात. बैलांचे आणि माणसांचे पाय मिळून थर दाबतात. तो घट्ट झाला की मगच पुढचा पडतो. हीच पाळ, म्हणजे मातीचा बांध. तिच्या पोटात दगडी भिंत नाही. निवडून आणलेली चिकण माती आणि भरपूर धीर, एवढेच सामान आहे. ज्या बाजूला पाणी टेकणार त्या बाजूला दगड रचायला घेतले आहेत, म्हणजे लाटांनी माती चाटून नेऊ नये.

दरीकडे नीट पाहा. काम किती शहाणपणाने बेतले आहे ते लक्षात येईल. भिंतीचे बहुतेक काम टेकड्यांनी आधीच करून ठेवले आहे. माणसांना बुजवायच्या आहेत त्या फक्त मधल्या खिंडी. इतक्या थोड्या मातीत इतके अफाट पाणी अडेल अशी जागा शोधणे हीच खरी विद्या आहे, आणि ती विद्या असलेला माणूस पाळीवर उभा आहे. त्याचे नाव कोलू पाटील. जातीने कोहळी. गोंड राजांनी आपल्या पूर्वजांना बनारसच्या बाजूने इथे आणले, तलाव बांधायला आणि ऊस-धान पिकवायला, अशी कोहळ्यांची पिढीजात आठवण आहे. कोलू पाटलाच्या हातात कुठलेही मोजमापाचे यंत्र नाही. पावसाळ्यात उतारावरून पाणी कसे धावते, कुठे रेंगाळते, कुठून निसटते, हे त्याने डोळ्यांनी पाहून मनात साठवले आहे. जास्तीचे पाणी जिथून जाऊ द्यायचे तो सांडवा मातीच्या पाळीवर न ठेवता कठीण खडकावरून काढायचा, हे त्याला पक्के ठाऊक आहे. पाणी पाळीवरून गेले तर एका रात्रीत सगळे वाहून जाईल.

टोपल्या वाहणाऱ्यांत कोण कोण आहे तेही पाहा. या रानात सगळ्यांच्या आधीपासून राहणारे गोंड आहेत. टेकडीवरच्या झाडाखाली त्यांचे पेन, म्हणजे देव, बसलेले आहेत, आणि पाळीला हात लावण्याआधी त्यांना विचारल्याशिवाय चालत नाही. ढिवर आहेत, महार आहेत, गोवारी आहेत. हुकूम देणारे थोडे आणि माती वाहणारे पुष्कळ, हे इथेही आहेच. पुढे गाव कोलू पाटलाला कोलासूर देव म्हणून पुजेल. टोपल्या वाहणाऱ्यांची नावे कुठल्याच देवळात सापडणार नाहीत. तुम्ही आज इथे आहात, तर निदान त्यांचे चेहरे पाहून घ्या.

सावलीला बसलेला एक म्हातारा तुम्हाला हाक मारतो, "का गा, कोठचा होस?" तुम्ही काहीतरी उत्तर देता. तो मडक्याकडे बोट दाखवतो, "बस बापा. आंबील पे." शब्द तुमच्या ओळखीचे आहेत, पण चाल वेगळी आहे. 'ण' इथे येत नाही, 'ळ' जिभेवर वळत नाही, त्याच्या जागी 'र' येतो. दोन-चार वाक्यांत कान सरावतो. ही झाडीची बोली आहे. मराठीचे हे पूर्वेकडचे घर. एका अंगाला गोंडी, दुसऱ्या अंगाला छत्तीसगढी आणि हिंदी, आणि मधे ही. पाळीवरच्या रांगेत गोंड आणि ढिवर, कोहळी आणि महार एकमेकांना टोपली देतात तेव्हा याच बोलीत सांगतात, धर, सरक, थांब. घरोघरी कुणी काहीही बोलो, पाळीवर सगळ्यांना एकच भाषा लागते.

हे ध्यानात ठेवा, कारण पुढच्या दोनशे-तीनशे वर्षांत हीच गोष्ट तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसणार आहे.

हस्त नक्षत्र, १८६० नंतरची काही वर्षे

आता डोळ्यांसमोर पाणी आहे. टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत भिडलेले, सुमारे अकरा चौरस किलोमीटर पसरलेले. नवेगावचा बांध. गावाचे नावही आता त्याच्यासकट घेतात, नवेगावबांध.

नागपूरकर भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आहे. १८६१ साली मध्य प्रांत तयार झाला आहे आणि साहेबाचे बंदोबस्त अधिकारी गावोगाव फिरत आहेत. गावचा पाटील आता मालगुजार झाला आहे, गावाचा कागदोपत्री मालक. पण कागदात आणखी एक भाग आहे, वाजिब-उल-अर्ज. गावातले रिवाज त्यात लिहून घेतले जातात. रानातून कुणी काय आणायचे, गुरे कुठे चारायची, तलावाचे पाणी कुणाच्या धानाच्या बांधीला कसे द्यायचे. जे इतकी वर्षे तोंडी चालत आले ते आता शाईत उतरते आहे. तुम्ही पारावर टेकून ऐकत राहा. म्हातारे एकेक रिवाज सांगतात, कारकून लिहितो, आणि एखादी गोष्ट चुकली की चार जण एकदम बोलतात.

तुम्ही आलात तो काळ मुद्दाम निवडलेला आहे. आषाढ-श्रावणात रोवणा झाला. बाया गुडघाभर चिखलात ओळीने वाकून पऱ्हे लावत गेल्या, आणि बांधीच्या एका टोकाला गाणे उठले की दुसऱ्या टोकाने ते उचलले. तेव्हा पाऊस होता, तलावाची गरज नव्हती. खरी परीक्षा आता आहे. उत्तरा कोरडी गेली, हस्ताचा पाऊस लांबला. धान पोटरीत आले आहे. या पंधरा-वीस दिवसांत पाणी मिळाले नाही तर कणसात दाणा भरत नाही, नुसता फोल राहतो. वैनगंगेच्या खोऱ्यात वर्षाला पाऊस भरपूर पडतो, पण ऐन गरजेला दडी मारतो. कोहळ्यांनी तलाव बांधले ते याच पंधरवड्यासाठी.

पाळीत दगडात बसवलेले तुडूम आहे, पाणी सोडायची वाट. त्याला वरून खाली भोके आहेत आणि प्रत्येकात लाकडाचा गट्टू ठोकलेला. आधी वरचे भोक उघडायचे. तलाव उतरला की त्याच्या खालचे. म्हणजे पाणी नेहमी वरच्या थरातले, जोर बेताचा, आणि पाळीच्या बुडाला धक्का नाही. एक जण पाण्यात उतरतो, गट्टू काढतो, आणि पाटात पाणी सळसळत निघते. पाटाच्या कडेने तुम्हीही चाला. एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. उताराने पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेल्या या बांध्या पाणी अडवून अडवून पुढे सोडतात. वाटेत बोड्या लागतात, एकेका शेतकऱ्याच्या मालकीची लहान तळी. वरच्या तलावाचा सांडवा खालच्या बोडीत, तिचा त्याच्या खालच्या तलावात. थेंब वाया जाऊ नये म्हणून सारा उतार गुंफलेला आहे.

भांडण होणारच. टोकाच्या बांधीचा माणूस ओरडत येतो, त्याच्यापर्यंत पाणी पोचलेले नाही. मधल्या कुणीतरी रात्रीतून बांध फोडून घेतला आहे. मग पाळीवरच बैठक बसते. शिव्या होतात, शपथा होतात, जुने दाखले निघतात, तुझ्या आजाने अमक्या साली असेच केले होते वगैरे. सूर्य कलायच्या आत तोड निघते, कारण उद्या सकाळी त्याच पाटातून पुन्हा पाणी जायचे असते. या बैठकीत मालगुजाराचा शब्द वजनदार असतो, आणि तो नेहमी न्यायाचाच असतो असे नाही. उन्हाळ्यात पाळ दुरुस्त करायला आणि तलावातला गाळ काढायला तो गावाला बोलावतो, त्यात कितीतरी बिगार असते. ज्याला जमीन नाही त्याच्या वाट्याला मातीच येते. तरीही गाळ निघतो, पाळ टिकते, आणि पाण्याचा निवाडा गावाच्या हद्दीत, गावाच्या बोलीत होतो.

संध्याकाळी ढिवरांच्या वस्तीवर जा. डोंगा काठाला लागला आहे. टोपल्यांत शिंगाडे आहेत, पोवनकांदे आहेत, मासे आहेत. कुठली वनस्पती कुठल्या माशाला अंडी घालायला लागते, पाणी किती उतरले की कुठले मासे वर येतात, थंडीत उत्तरेकडून कुठले बदक आधी येते आणि कुठले मागून, हे सगळे ते बोलता बोलता सांगतात. रात्री जेवायला भात आणि लाखोळीची डाळ. धान उभे असतानाच ओल्या बांधीत लाखोळी टाकायची, धान कापले की ती वर येते, पुन्हा पाणी द्यावे लागत नाही. एका पाण्यावर दोन पिके घेणारी ही माणसे आहेत.

दिवाळीपर्यंत थांबलात तर मंडई पाहायला मिळेल. धान घरात आलेले असते, पंचक्रोशीतले लोक जमतात, आणि रात्रभर दंडार चालते. पुरुषच बाया होतात, ढोलकी घुमते, आणि ज्या गोष्टी दिवसा मालगुजाराच्या तोंडावर बोलता येत नाहीत त्या रात्री रंगात येऊन बोलल्या जातात. झाडीबोलीचे पुस्तक नाही, शाळा नाही. तिला पाळीवरची बैठक आहे आणि दंडारीची रात्र आहे. या दोन जागांवर ती तासली जाते.

३१ मार्च १९५१

या दिवशी पहाटे या. सारसाची जोडी बांधीत उभी राहून ओरडते आणि आवाज टेकड्यांवर आपटून परत येतो. डोळ्यांना काहीच बदललेले दिसत नाही. बदल कागदावर आहे. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी आजपासून संपली. गावे मालगुजारांच्या हातून सुटली, कुळांना जमिनीचा हक्क मिळाला, बिगारीचा जोर मोडला. टोपल्या वाहणाऱ्यांच्या नातवंडांसाठी हा मोठा दिवस आहे, आणि तुम्ही त्यांच्या आनंदात मनापासून सामील व्हा.

पण पाळीवर थोडा वेळ उभे राहा आणि एक प्रश्न विचारा. आता हा तलाव कुणाचा?

सरकारचा. पुढच्या काही वर्षांत सरकारही बदलत जाते. १९५६ मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात येतो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. तलाव कुठे पाटबंधारे खात्याकडे जातात, कुठे जिल्हा परिषदेकडे. मालगुजार गेला हे योग्यच झाले. मात्र त्याच्याबरोबर पाळीवरची बैठकही उठली. पाणी कधी सोडायचे हे ठरवणारा माणूस आता तालुक्याच्या गावी बसतो. उन्हाळ्यात गाळ काढायला कोणी हाक देत नाही, कारण हाक द्यायची कुणी हेच ठरलेले नाही. एका वर्षी गाळ राहतो, दुसऱ्या वर्षी राहतो, मग तो दरवर्षीचा होतो. पाणी उथळ होते. काठाने बेशरमाची झुडपे माजतात. जिथे माशांना अंडी घालायला लागणारी वनस्पती होती तिथे काहीच उगवत नाही.

त्याच वर्षांत शाळेच्या खिडकीतून आत डोकावा. झाडीतले पोर धडा वाचताना आपल्या उच्चाराने वाचते आणि वर्गात हशा पिकतो. पोर गप्प होते. घरी आल्यावर ते आजीशी बोलताना चाचरायला लागते. शिकून शहरात गेलेला मुलगा पुण्या-मुंबईच्या माणसासमोर आपली बोली लपवतो. पाळीचा गाळ आणि जिभेवरचा हा संकोच एकाच काळात साचत गेले, आणि त्यांचे मूळही एकच होते. आपल्या पाण्याचा आणि आपल्या बोलण्याचा निवाडा दुसरीकडे कुठेतरी व्हायचा, हे गावाने मुकाट स्वीकारले होते.

१९७० चे दशक

टॉर्च घेऊन या, कारण या वर्षांत तुम्हाला पहाटेच्या अंधारात निघावे लागेल. पुढे दोन माणसे चालली आहेत. एक सोलापूरकडचे, वनखात्यात नोकरीला असलेले मारुती चितमपल्ली. दुसरे याच गावचे माधवराव पाटील डोंगरवार. माधवरावांना तलावावरचा पक्षी न् पक्षी ठाऊक आहे, आणि हे ते पुस्तकातून शिकलेले नाहीत. घरटे कुठे, अंडी किती, पिल्लू कधी उडते, आणि त्याला इथे काय म्हणतात. चितमपल्ली ऐकतात, विचारतात, टिपून ठेवतात. गोंडांकडून ऐकतात, ढिवरांकडून ऐकतात. त्या टिपणांतून पुढे पुस्तके येतील, 'पक्षीकोश' येईल, आणि मराठी वाचकाला रानाची अशी एक शब्दसंपदा मिळेल जी शहरात बसून कुणालाच घडवता आली नसती. २०२५ मध्ये चितमपल्लींना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी ते गेले. त्या सन्मानात या दरीचा वाटा आहे.

१९७५ मध्ये हे रान राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. शिकार थांबली, वृक्षतोड थांबली, आणि वाघ-बिबळ्यांना आसरा मिळाला. पण चितमपल्ली आणि माधवरावांच्या मागून चालताना तुम्ही काय ऐकले ते विसरू नका. या जंगलाचे सर्वांत बारीक ज्ञान झाडीबोलीत आणि गोंडीत साठवलेले होते, आणि ते मिळवायला शिकल्या-सवरलेल्या माणसाला खाली बसून ऐकावे लागले.

आजचा दिवस

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. नवेगावबांध आता गोंदियात आहे, २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. पूर्व विदर्भात आजही सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत. काही गाळाने भरले, काही फुटले, पुष्कळ अजून धान जगवतात.

या टप्प्यावर, पाणी आणि बोली दोन्ही सांभाळणारी दुसरी एक दरी पाहायला लांबची वाट धरा. इटलीच्या वायव्य कोपऱ्यात आल्प्स पर्वतात आओस्ता नावाची दरी आहे. डोंगरांनी वेढलेली, आणि इटलीत असूनही फ्रेंच आणि आपली स्थानिक बोली सांभाळणारी. तिथल्या लोकांनी चौदाव्या-पंधराव्या शतकांत हिमनद्यांचे पाणी शेतांपर्यंत आणणारे लांब पाट डोंगराच्या कुशीतून खणले. त्यांना ते 'रू' म्हणतात. पाण्याची पाळी कुणाची, दुरुस्तीला किती माणसे, हे शेतकऱ्यांच्या मंडळ्या आपसांत ठरवत आल्या. मुसोलिनीच्या राजवटीत त्यांच्या शाळांतून फ्रेंच हद्दपार झाली, गावांची नावेसुद्धा इटालियन करण्यात आली. १९४८ च्या स्वायत्ततेच्या कायद्याने दरीत फ्रेंचला इटालियनच्या बरोबरीचा मान मिळाला. कायदा हवाच होता. पण तो येईपर्यंतच्या कठीण वर्षांत भाषा जिवंत राहिली ती घरात, गोठ्यात, कुरणात, माणसांच्या रोजच्या कामात.

झाडीबोलीच्या पाठीशी असा कायदा नाही. तिच्या पाठीशी माणसे आहेत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास उभा केला, झाडीबोली साहित्य मंडळाने संमेलने भरवली, आणि आपल्या जिभेची लाज वाटणाऱ्यांच्या पुढच्या पिढीने कविता आणि कथा बोलीत छापायला घेतल्या. दिवाळीनंतर आजही मंडया भरतात. वडशाच्या नाटक मंडळ्या हिवाळाभर गावोगाव रात्र जागवतात, आणि हजारो लोक थंडीत घोंगड्या पांघरून त्यांना पाहायला बसतात.

आणि पाण्यात काय चालले आहे ते पाहायला तलावावर परत या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाच्या मदतीने अर्जुनी मोरगावच्या परिसरातले ढिवर आपले तलाव पुन्हा जिवंत करत आहेत. उन्हाळ्यात तलावाचा तळ नांगरतात, बेशरम मुळासकट उपटतात, आणि ज्या पाणवनस्पती पूर्वी होत्या त्यांची रोपे शोधून आणून लावतात. कुठली कुठे लावायची हे म्हाताऱ्या ढिवरांना विचारून ठरते. वनस्पती आल्या की देशी मासे परततात, मासे आले की पक्षी येतात. या कामात बाया पुढे आहेत. काठावर त्यांची बैठक बसलेली दिसली तर जवळ जाऊन ऐका. कुणाचे जाळे कुठे, कुणी किती मासे धरायचे, यावर वाद चालला आहे. दाखले निघत आहेत, आवाज चढले आहेत, आणि सगळे झाडीबोलीत.

तीन शतकांचा हा प्रवास केल्यावर तलावांच्या योजना आखणाऱ्यांपुढे आणि बोलीसाठी तळमळणाऱ्यांपुढे तुम्हाला एकच मागणे ठेवता येईल. यंत्रे लावून गाळ उपसला जाईल, अनुदान देऊन शब्दकोशही छापले जातील, आणि ही दोन्ही कामे व्हायलाच हवीत. पण तलाव टिकतो तो ज्यांचे जगणे त्यावर आहे त्यांच्या हातात पाण्याचा निवाडा असला की. बोलीही तशीच टिकते, कारण त्या निवाड्याला ती लागते. जुन्या बैठकीत मालगुजार होता आणि भूमिहीनाला जागा नव्हती. आजच्या बैठकीत ढिवर बाई मधोमध बसली आहे. तलावाची सत्ता कायद्याने तिच्या हाती द्या. गाळ काढायला हाक कुणी द्यायची, हे मग गावाला विचारावे लागणार नाही.